कुणाच्या माहेरची हळद

"काकू, रागावू नका, पण ही हळद तुमच्या माहेरची नाही," डॉ. यास्मिन शिकलगार म्हणाली आणि उज्ज्वलाच्या हातातला कप बशीत कलंडला.

हे वाक्य बोलण्याआधी यास्मिननं अंगणात तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि दोनदा चष्मा पुसला होता. पिंपळखोऱ्यातल्या बाईमाणसाला असली गोष्ट कशी सांगावी, याचा तिनं येताना गाडीत बराच विचारही केला होता. त्या विचाराचा काडीचा उपयोग झाला नाही.

"माझ्या माहेरची न्हाई म्हंजे? मंग कुणाच्या माहेरची?"

"सांगते. आधी बसा तरी."

"मी बसीन. तू बोल."

यास्मिननं मांडीवरच्या संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा होत्या. डावीकडे एकटीच एक रेघ, उजवीकडे तिघींचा जुडगा. "ही एकटी रेघ कोरेघळची. तुमच्या भावानं जुन्या डब्यातली वाळकी हळकुंडं दिली होती ना, ती. आणि तुमच्या मोरीवरची हळद ही इकडं आहे. आंबवणच्या हळदीशेजारी."

"आंबवण कशाला मधी आणलंस? आंबवणला माझं कोण न्हाई."

"तुमचं नाही," यास्मिन हळूच म्हणाली. "मालनकाकूंचं आहे."

उज्ज्वलानं कप उचलून तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी ती प्याली.

हे सगळं सन २०४४ मधलं. खोऱ्यात काळी कुज आली त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. पहिल्या वर्षी ती नदीकाठच्या मळ्यांत दिसली. वरून पानं हिरवीगार, पण झाड उपटलं की खाली गड्ड्याच्या जागी काळा चिखल. दुसऱ्या वर्षी ती टेकडीपर्यंत चढली. औषधं फवारून झाली, जमिनी तापवून झाल्या, बेणं बाहेरून आणून झालं. तिसऱ्या वर्षी अख्ख्या खोऱ्यात हळद शिजवायची एक काहील पेटली नाही, आणि ज्या गावात शिमग्यापर्यंत पिवळी धूळ माणसांच्या भुवयांवर बसायची, तिथल्या बायका दुकानातून हळदीची पुडी आणू लागल्या. याची त्यांना जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नसेल.

एवढं एकाच रोगाला कसं जमलं, याचं उत्तर हळदीच्या स्वभावात आहे. हळदीला फूल येतं, छान येतं, पण बी धरत नाही. जुना गड्डा जमिनीत पुरायचा, त्याला डोळा फुटतो आणि तेच नवं झाड. म्हणजे आई आणि लेक असा प्रकारच नाही, लेक हा आईचाच तुकडा. पणजीनं लावलेली हळद आणि पणतीनं लावलेली हळद ही एकच हळद, फक्त वयानं वाढलेली. खोऱ्यातली हजारो एकर हळद हे खरं पाहता एकच झाड होतं, लोकांनी तुकडे करून वाटून घेतलेलं. त्यातला एक तुकडा खाण्याची युक्ती ज्या बुरशीला सापडली, तिला सगळं खोरं खाता आलं.

आणि अशा खोऱ्यात, दिवाळीच्या सुमारास, मसाला पीक केंद्राच्या यास्मिनला उज्ज्वला जगदाळेच्या परसात, मोरीच्या सांडपाण्यावर, हळदीचा एक ठोंब ताठ उभा दिसला. मांडीएवढी पानं, आणि बुडाशी खोडाला लालसर कडा. आजूबाजूच्या मातीत बुरशी खच्चून भरलेली होती. ठोंबाला ढिम्म काही झालं नव्हतं.

यास्मिन त्या दिवशी मोरीच्या चिखलात गुडघे टेकून बसली होती आणि तिला रडू आलं होतं. हे तिनं अहवालात लिहिलं नाही.

"कुठून आणलीत ही?" तिनं विचारलं होतं.

"आणायची कशाला? माझ्या ओटीत आली," उज्ज्वला म्हणाली होती.

कोरेघळ हे उज्ज्वलाचं माहेर. तिथली रीत अशी, की लेक सासरी निघताना तिच्या ओटीत वाळकं हळकुंड घालायचं नाही, जिवंत ओला गड्डा घालायचा. वाळकं हळकुंड शिजवलेलं असतं, त्याला कोंब येत नाही, आणि लेकीच्या ओटीत मेलेलं काही घालू नये. नवरीनं तो गड्डा आठवड्याच्या आत सासरच्या मोरीवर लावायचा. फुटला, तर सून रुजली. कुजला, तर मग सासू काय म्हणेल, गाव काय म्हणेल, ते विचारायलाच नको. आंबवण नदीपल्याडचं असलं तरी तिथंही हीच रीत होती, आणि मालन, म्हणजे उज्ज्वलाची थोरली जाऊ, हिनंही पाच वर्षं आधी आपला गड्डा असाच ओटीतून आणून गोठ्यामागं लावला होता.

उज्ज्वलाचं लग्न झालं २००८ साली. गड्डा फुटला. छत्तीस वर्षं तो दर उन्हाळ्यात झोपला आणि दर पावसाळ्यात उठला. पंधरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून उज्ज्वला रोज सकाळी मोरीवर तांब्याभर पाणी ओतताना त्याच्याशी दोन शब्द बोलायची. सुनेचं कसं चाललंय, गुडघा कसा दुखतो, नवऱ्यानं, भास्कररावांनी, काल काय घोळ घातला. वेड म्हणा हवं तर. पण ऐकून घेणारं कुणीतरी लागतं माणसाला.

आता यास्मिन सांगत होती, की ऐकून घेणारं भलतंच कुणीतरी होतं.

"तुझं मशीन चुकलंय," उज्ज्वलानं निकाल दिला. "वाळक्या हळकुंडातनं काय कळतंय? शिजवलेली ती."

"शिजवल्यानं जनुकांची साखळी तुटते, पण तुकडे उरतात. तुकडे जुळवून वाचता येतं. तीनदा वाचलं, काकू."

"आन् सगळी हळद एकच झाड म्हणालीस ना तू? मंग ह्या माहेरची आन् त्या माहेरची, हे कसं कळतंय तुला?"

प्रश्न बिनतोड होता. यास्मिन खूश झाली, कारण तिच्या वरिष्ठांनीही नेमकं हेच विचारलं होतं.

"तुमच्या आईची पदार्थांची वही तुम्ही हातानं उतरवून घेतली समजा," ती म्हणाली. "उतरवताना चार ठिकाणी चुकलात. मग तुमच्या सुनेनं तुमची वही उतरवली. तिच्या वहीत तुमच्या चारही चुका येणार, वर तिच्या दोन नव्या. दहा वह्या माझ्यापुढं ठेवा, मी चुकांवरून सांगीन कुणी कुणाची उतरवली. गड्ड्याला डोळा फुटतो तेव्हा झाड स्वतःची वहीच उतरवत असतं. दरवर्षी एकदोन बारीक चुका होतात. तुमच्या ठोंबात आणि मालनकाकूंच्या ठोंबात अडतीस चुका सारख्या आहेत. त्या अडतीसच्या अडतीस आंबवणच्या जुन्या हळकुंडांत आहेत. कोरेघळच्या हळकुंडांत त्यातली एकही नाही."

उज्ज्वलाला वही कळली, चुका कळल्या, अडतीस हा आकडाही कळला. सगळं मिळून काय झालं, तेवढंच कळलं नाही. आईनं स्वतःच्या हातानं ओटीत घातलेला गड्डा मालनच्या माहेरचा कसा असेल?

तिच्या गोंधळाला आणखी एक बाजू होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. अठरा वर्षांपूर्वी दोघा भावांच्या वाटणीच्या दिवशी, गोठा कुणाकडे जावा यावरून माणसं जमली होती, तेव्हा उज्ज्वला पहिल्यांदाच गोठ्यामागं नीट गेली. तिथं मालनचा ठोंब होता. बुडाशी लाल कडा, हुबेहूब तिच्या मोरीवरच्यासारखी. तिनं तिथल्या तिथं मालनचा हात धरून तिला दहा पाहुण्यांसमोर ओढत आणलं. "चोर हाय ही! माझ्या आईचा गड्डा उकरून नेला हिनं!" ती ओरडली. मालननं हात सोडवून घेतला आणि एक शब्द बोलली नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. त्या पावसाळ्यानंतर दोन घरांमध्ये भिंत झाली. त्या भिंतीला दार ठेवायचं कुणाला सुचलं नाही. मालनचा नवरा पुढं वारला, तेव्हाही उज्ज्वला रस्त्यानं वळसा घालून गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

म्हणजे यास्मिनच्या रेघा खऱ्या असतील, तर चोर कोण होतं?

दुपारी उज्ज्वलानं कोरेघळला भावाला फोन लावला. प्रतापदादाचा आनंद गगनात मावत नव्हता. इकडं उज्ज्वलाच्या गावच्या सरपंचांनी 'उज्ज्वला वाण' असा फलक रंगवायला टाकला होता, आणि प्रतापदादानं वाणाचं मूळगाव म्हणून कोरेघळचं नाव आपल्या सगळ्या पाहुण्यांना आधीच कळवून टाकलं होतं.

"दादा, आपल्या हळदीला बुडाशी लाल कडा हुती न्हवं?"

"लाल? न्हाई बा. आपली सरळ हिरवी. का गं?"

"आईच्या परसात हुती. मला आठवतीया."

"तुला आठवत आसंल. पण हळद मी खांदलीय चाळीस वर्सं, तू न्हाई. कोंब आला तवापासनं हिरवी ती."

तिनं फोन ठेवला. डोळे मिटले की आईचं परस तिला लख्ख दिसत होतं. कपडे वाळत घातलेली दोरी, शेणानं सारवलेला ओटा, आणि कोपऱ्यात हळद. हळदीला लाल कडा. ती कडा खरंच तिथं होती, की छत्तीस वर्षं मोरीवर बघून बघून तिनंच ती तिथं नेऊन लावली होती? आपल्या आठवणीवरही भरवसा ठेवायचा नाही म्हटल्यावर बाईनं ठेवायचा तरी कशावर?

भास्करराव ओट्यावर वर्तमानपत्राच्या आड बसले होते. ते वर्तमानपत्र कालचं होतं.

"तुमाला ठावं हुतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"जे काय आसंल ते."

"जे काय आसंल ते मला कधीच ठावं नसतं," भास्करराव म्हणाले, आणि हे छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बोललेलं सगळ्यांत खरं वाक्य होतं.

चार दिवसांनी यास्मिन पुन्हा आली. या खेपेला तिनं फेऱ्या मारल्या नाहीत.

"काकू, मला मालनकाकूंचा गड्डा पाहिजे. तुमचा पुरणार नाही."

"का? माझा काय वंगाळ हाय?"

यास्मिननं समजावून सांगितलं. बुरशी मुळात शिरते तेव्हा झाडाच्या आतले पहारेकरी तिला ओळखतात. पहारेकरी म्हणजे एक प्रथिन, आणि ते बनवायची कृती जनुकात लिहिलेली असते. ओळख पटली, की झाड त्या जागेभोवतीच्या स्वतःच्याच थोड्या पेशी मारून टाकतं. बुरशी मेलेल्या पेशींत कोंडली जाते आणि पुढं सरकत नाही. दोनचार पेशींचा बळी देऊन सगळं झाड वाचतं. खोऱ्यातल्या बाकीच्या हळदीत हे पहारेकरी होते, पण त्यांना या नव्या बुरशीची ओळख नव्हती. आंबवणच्या हळदीत कधीकाळी असे दोन पहारेकरी तयार झाले, दोघं वेगवेगळ्या खुणांवरून बुरशी ओळखणारे. पण खुद्द आंबवणला लोकांनी ती जुनी हळद मोडून कधीच बाहेरचं बेणं लावलं होतं, उरली होती ती डब्यातली वाळकी हळकुंडं.

"तुमच्या ठोंबात त्यातला एक बिघडलाय. छत्तीस वर्षांत वही उतरवताना तिथं चूक झाली. आज एकावर भागतंय. पण बुरशीही दरवर्षी बदलते. एकाच खुणेवर ओळख पटत असेल, तर ती खूण पुसायला तिला चारपाच हंगाम पुरे. दोन्ही खुणा एकदम पुसणं तिला जवळजवळ अशक्य आहे. मालनकाकूंच्या ठोंबात दोघंही शाबूत आहेत."

"मंग घे की तिच्याकडनं. पान दिलं ना तिनं?"

"पानावरून वाचता येतं, रोपं करता येत नाहीत. त्याला गड्ड्यावरचे जिवंत डोळे लागतात. आणि एक जनुक इकडनं काढून तिकडं घालायचं म्हटलं तर वर्षं जातील, खोरं तोवर थांबणार नाही. आत्ता डोळे मिळाले, तर अक्षय्यतृतीयेपर्यंत प्रयोगशाळेत पहिली रोपं उभी राहतील." यास्मिननं चष्मा पुसला. "मी दोनदा जाऊन आले. गड्डा देत नाहीत. म्हणतात, चोराच्या घरचं कशाला नेता?"

ओट्यावर भास्कररावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तर घोडं इथं अडलं होतं. गावाला हळद परत मिळायची, तर एका बाईनं भिंतीपलीकडं जाऊन तोंड उघडायला हवं होतं, आणि ती बाई म्हणजे उज्ज्वला. फलक रंगवून तयार होता. त्यावर तिचं नाव होतं. आणि पलीकडं जाऊन बोलायचं काय? चोर तू नाहीस, मग कोण? मी? माझी आई? सासूबाई? कुणीतरी गड्डा बदलला होता, एवढंच तिला कळत होतं. का, ते कळत नव्हतं. ते ज्यांना ठाऊक असेल त्यांतलं एकच माणूस उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटपल्यावर ती निघाली. भिंतीला दार नसल्यामुळे तिला गल्लीतून, चावडीवरून, जोतिबाच्या देवळाला वळसा घालून जावं लागलं. आवाज दिला तर ऐकू जाईल एवढ्या अंतरासाठी शेदीडशे पावलं. प्रत्येक पावलाला तिनं एक वाक्य जुळवलं आणि मालनच्या दारात पोचेपर्यंत सगळी विसरली.

मालन पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"आलीस," मालन म्हणाली. बस असं मात्र म्हणाली नाही.

"अक्का, चुकलं माझं," उज्ज्वलानं उभ्याउभ्याच सुरुवात केली. "तुमी चोर न्हाई. गड्डा तुमच्या माहेरचाच हाय. माझ्याकडं हाय त्योबी तुमचाच. त्या पोरीचं मशीन तसं म्हणतंय."

"मशीन म्हणतंय म्हणून आलीस व्हय?"

"व्हय. मशीन बोललं नसतं, तर मी आले नसते. खोटं कशाला सांगू?"

मालननं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं बघितलं. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"आणखी काय म्हणलं मशीन? माझा गड्डा तुझ्या मोरीवर कसा आला, ते?"

"ते त्याला कळत न्हाई म्हणं. कोण कुणापासनं आलं, तेवढंच कळतंय."

"बस खाली," मालन म्हणाली.

उज्ज्वला बसली.

"तुझा पहिला आषाढ. तू माहेरी गेल्तीस," मालन सांगू लागली. "पावसानं चार दिस उघडीप दिली, तवा सासूबाईंनी वाकळा धुवायला काढल्या. हंड्यात सोडा घालून उकळवल्या मी. सासूबाई देवळात गेल्या. वाकळा काढल्या आन् तसाच उकळता हंडा मोरीत पालथा केला. ध्यानातच न्हाई आलं माझ्या. तुझा कोंब वीतभर वर आला हुता, उज्ज्वला. माझ्या डोळ्यादेखत त्यानं मान टाकली."

उज्ज्वलानं सुपातली एक शेंग उचलली आणि तशीच मुठीत धरली.

"उकरून बघितलं. म्हणलं, आत जिवंत आसंल. गड्डा शिजला हुता. काहिलीवर येतो तसा वास येत हुता त्याला." मालननं पदरानं तोंड पुसलं. "सासूबाईंना ठावं झालं असतं, तर मला जन्मभर बोल लागला असता. आन् तुला त्याच्याहून जास्त. सून रुजली न्हाई, म्हणाल्या असत्या. तुला आणायला गेल्या असत्या का न्हाई, ते सांगता येत न्हाई. मी गोठ्यामागं पळत गेले, माझा गड्डा उकरला, कोंबासकट अर्धा मोडला आन् तुझ्या जागी लावला. सासूबाई आल्या तवा मी वाकळा पिळत हुते."

"आन् वाटणीच्या दिवशी?" उज्ज्वलाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी चोर म्हणाले, तवा का न्हाई बोललात?"

"काय बोलू? चोरला न्हाई, मारला, असं बोलू? तुझी आई तवा जिती हुती. त्याच्यापरीस चोरी सोपी वाटली मला." मालननं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "आन् तू दहा माणसांत माझा हात धरून वढलंस. मलाबी राग आला. म्हणलं, म्हणू दे. मरू दे."

आता उज्ज्वलानं काय करावं? ती माफी मागायला आली होती, तर माफी देण्याची पाळी तिच्यावर आली. मालननं तिच्या आईचा गड्डा मारला, यासाठी भांडावं, तर त्याच मालननं तिला सासरी रुजवली होती. मालनचे उपकार मानावेत, तर ते उपकार एका लपवाछपवीतून निघाले होते. आणि हंडा पालथा झालाच नसता, तर मोरीवर आईची हिरवी हळद उभी असती आणि पहिल्याच वर्षी काळ्या कुजेनं चिखल झाली असती. रागाचा एक धागा ओढावा, तर आभाराचा हातात येत होता. तिला काहीच धड पकडता येईना. पण या सगळ्या गुंत्याखालून एक साधी गोष्ट वर आली.

"म्हंजे माझ्या आईचा गड्डा..." ती म्हणाली. "त्यो दोन म्हयनेबी जगला न्हाई."

"न्हाई," मालन म्हणाली.

मग उज्ज्वला रडली. आई गेली तेव्हा पाहुण्यांचं चहापाणी बघण्यात तिला नीट रडता आलं नव्हतं, आणि मोरीवर तर आई होतीच, मग रडायचं कशाला, असं मनात कुठंतरी होतं. पंधरा वर्षांचं ते सगळं आता पडवीत, शेंगांच्या टरफलांत बसून निघालं. मालन उठली नाही. पाठीवर हातही फिरवला नाही, ते धाडस तिला झालं नाही. ती नुसती बसून राहिली.

"रोज सकाळी मी बोलते त्याच्यासंगं," थोड्या वेळानं उज्ज्वला नाक पुसत म्हणाली. "आई म्हणून. सगळं सांगते. म्हंजे इतकी वर्सं मी तुमच्या आईला सांगत हुते, अक्का?"

मालननं विचार केला. "माझी आई सोशिक हुती," ती म्हणाली. "ऐकून घेतलं आसंल तिनं."

उज्ज्वलाला रडता रडता हसू आलं, आणि आपण हसतोय याचाच तिला राग आला.

"पोरीला फोन कर," मालन म्हणाली. "ऊन उतरायच्या आत खांदून देते."

यास्मिन अर्ध्या तासात आली. मालननं स्वतः कुदळ घेतली आणि गोठ्यामागचा अख्खा ठोंब बाहेर काढला. गड्डे घट्ट, पिवळेधमक आणि निरोगी होते, एकाही ठिकाणी डाग नव्हता. यास्मिननं डोळे असलेले तुकडे मोजून डब्यात ठेवले, त्यावर चिठ्ठी डकवली आणि पेन उघडून थांबली.

"नोंदीत मूळ ठिकाण लिहायला लागतं," ती म्हणाली आणि दोघींकडं आळीपाळीनं बघू लागली. "आणि जपणाऱ्याचं नाव."

मालननं कुदळीची माती झटकली.

"आंबवण लिही," उज्ज्वला म्हणाली. "आन् नाव मालन हणमंत जगदाळे. उद्या सरपंचांना मी सांगते, फलक परत रंगवा म्हणून. दादालाबी मीच सांगते."

"दोघींचं लिहू का?" यास्मिननं विचारलं. "दुसरा ठोंब तुम्हीच जगवलात ना?"

"माझं कशाला? माझा मेला," उज्ज्वला म्हणाली आणि तरातरा रस्त्याला लागली.

घरी येऊन ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. मोरीकडं तिनं पाठ केली होती. पाच वाजले, सहा वाजायला आले. घरात चूल पेटली नाही. चूल कुठली आता, विजेची शेगडी. तिचं बटणही कुणी दाबलं नाही. भास्कररावांनी दोनदा आत डोकावून बघितलं. काय विचारावं ते त्यांना सुचेना, म्हणून ते पुन्हा बाहेर जाऊन बसले.

सूर्य टेकडीला टेकायच्या बेताला होता तेव्हा गल्लीच्या वळणावर मालन दिसली. एका हातात झाकलेली परात, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. देवळाला वळसा घालून, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत ती येत होती. अठरा वर्षांत ती या दारात आली नव्हती. भास्करराव गडबडीनं उठून उभे राहिले.

तिनं परातीवरचं फडकं बाजूला केलं. आत पिठलं होतं आणि भाकरी. या खोऱ्यात, ज्या घरात कुणी गेलं त्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटवत नाहीत, भावकीतल्या घरातून पिठलं-भाकरी येते. हे भास्कररावांनाही ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं, वहिनी?"

"हिच्या आईचा गड्डा," मालन म्हणाली. "लई दिस झाले. माझ्याकडनंच यायचं ऱ्हायलं हुतं."

ती आत गेली. उज्ज्वलासमोर बसून तिनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि हात पुढं केला.

"घे," ती म्हणाली.

उज्ज्वलानं घास घेतला.